नाकतोड्यांच्या कुळातली रेस्ती

कंपालातल्या नासर रोडवर रेस्तितुता मुगालुलाच्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा ऐकू येतं ते तिचं "नाही". गिऱ्हाइकाने काय हवंय ते धड सांगायच्या आत ती ते म्हणून मोकळी होते. लग्नाच्या पत्रिका, मयताचे फलक, निवडणुकीची पत्रकं आणि फुटबॉल संघांचे सदरे छापण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलंय. एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली आहे, ती म्हणजे चित्र काढून घ्यायला आलेल्या माणसाला कागदावर सगळंच हवं असतं. नवऱ्या मुलाला पत्रिकेवर स्वतःचा फोटो हवा, बायकोचा हवा, गुलाब हवेत, गाडी हवी आणि येशूही हवा. "येशूला कुठे बसवू? डिकीत?" असं रेस्ती विचारते. लोक हसतात आणि येशू घालूनच घेतात.

तरी लोक तिच्याकडेच येतात, कारण तिचं काम स्वच्छ. शाई पसरत नाही, अक्षर वाकडं जात नाही आणि सांगितलेल्या दिवशी माल तयार असतो. केसांत पेन्सिल खोचलेली, निळ्या पँटला शाईचे डाग, आणि तोंड सतत चालू. तिच्या आईचं म्हणणं असं की ही पोटात होती तेव्हाही लाथा मारत नव्हती, कुरकुरत होती.

तर अशा बाईकडे बारुगाहारे साहेब एक काम घेऊन आले. साहेब एका परदेशी संस्थेच्या पैशावर चालणारी योजना बघत. टॅक्सी स्टँडमागच्या गल्लीत देशोदेशीची माणसं रस्त्यावर बसून तळतात, भाजतात, विकतात. त्यांना छप्पर असलेल्या गाड्या द्यायच्या, पाण्याची सोय करायची, आणि सगळ्यांची मिळून एक खूण तयार करायची. तीच खूण गाड्यांवर, अंगावरच्या ॲप्रनवर आणि गल्लीच्या तोंडाशी मोठ्या फलकावर लागणार. योजनेचं नाव "सात शेगड्या". गाड्या सातच होत्या. ज्याचा पदार्थ खुणेत दिसेल त्याला गाडी, आणि उद्घाटन झालं की बाकीच्यांनी फुटपाथवरून उठायचं, असा साहेबांनी सरळ हिशोब लावला होता.

सातवी जागा रेस्तीच्या आईची होती. नालवोगा म्हातारी त्या गल्लीत सगळ्यांत जुनी. वर्षभर शेंगदाणे विकायची आणि नोव्हेंबर लागला, आकाशातून नाकतोड्यांचे थवे उतरले, की शेंगदाणे बाजूला सारून नाकतोडे तळायला बसायची. कांदा, मीठ, मिरची आणि नाकतोड्यांची स्वतःचीच चरबी; विकायचं मगाने मापून. तिच्या कढईभोवती बँकेतले बाबू आणि टॅक्सीवाले एकाच रांगेत उभे राहत. गुडघे तिचे गेलेच होते. फुटपाथ गेला तर तिने बसायचं कुठे, हा प्रश्न रेस्तीला पडला होता आणि तो ती कोणाला बोलून दाखवत नव्हती.

पहिली बैठक गल्लीतच झाली. रेस्तीने कागदावर एक गोल काढला आणि त्यात सात कप्पे पाडले.

"झकास," रोलेक्सवाला इसाबिर्ये म्हणाला. चपातीत अंडं गुंडाळून विकणारा हा गडी बोलायला पटाईत. "गोल म्हणजे माझी चपाती. बाकी सगळे माझ्या चपातीवर बसले म्हणायचे."

"मी कशाला बसू तुझ्या चपातीवर?" सोमाली होदानचे सांबुसे प्रसिद्ध होते आणि राग त्याहून. "बहिणी, त्रिकोण काढ. सांबुशाला तीन कोपरे असतात, तीन कोपऱ्यांत सगळे मावतील."

"गोल म्हणजे ताट," रेस्ती दात आवळून म्हणाली. "हे ताट आहे. ताट कोणाच्या बापाचं नसतं."

मग ताटातल्या जागांवरून सुरुवात झाली. भजीवाल्या नलिनीबेनला मांसाच्या शेजारी बसायचं नव्हतं. काँगोच्या फुराहाबाईंचा तळलेला मासा डावीकडे तोंड करून नको होता, कारण त्यामुळे तो पाठ फिरवून निघाल्यासारखा दिसत होता. होदानचं म्हणणं एवढंच, की डुक्कर कुठेही दिसता कामा नये. डुक्कर मुळात कोणी विकतच नव्हतं. तरी तिने ते चारदा सांगितलं, आणि चौथ्यांदा रेस्ती म्हणाली, "होदान, तू एवढं डुक्कर डुक्कर करतेयस ना, शेवटी मला तेच सुचायचं."

बारुगाहारे साहेब शांतपणे सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सुंदर. फक्त मागे आफ्रिकेचा नकाशा टाका. आणि वरती सूर्य. आणि मधोमध दोन हात, एकमेकांना मिळालेले."

"आणि येशू?"

"काय म्हणालात?"

"काही नाही, साहेब. लिहून घेतलं."

सहा कप्पे कुरकुरत का होईना, पण भरले. सातव्यापाशी रेस्तीचा हात अडला, आणि इथे तिच्या तोंडाचा काही उपयोग नव्हता. कारण रेस्ती न्सेनेने कुळातली. न्सेनेने म्हणजे नाकतोडा, आणि नाकतोडा हे तिच्या बापाच्या कुळाचं देवक. देवक खायचं नाही, मारायचं नाही, त्याची चेष्टा करायची नाही. आई मात्र दुसऱ्या कुळातली. तिचं देवक चिखलात राहणारा एक मासा. तिला नाकतोड्याची आडकाठी नव्हती. बाप गेला तेव्हा चार पोरं पदरात होती, आणि नालवोगाने कढई मांडली ती नाकतोड्यांची. नाकतोड्यांच्या कुळातल्या चौघांच्या शाळा नाकतोडे तळून झाल्या. बापाकडच्या माणसांनी त्यावरून बोलणं टाकलं. सगळ्यांत आधी टाकलं आत्याने.

साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते देशाच्या पश्चिम भागातले, तिकडची कुळं वेगळी. त्यांनी आपला व्यवहारी तोडगा काढला. "नाकतोडे दोन महिन्यांचे, शेंगदाणे बारा महिन्यांचे. शेंगदाणे काढा, विषय संपला."

नालवोगा खाली बसल्या बसल्या नाकतोडे सोलत होती. पंख उपटायचे, पाय उपटायचे, अंग टोपलीत टाकायचं. मान वर न करता ती म्हणाली, "शेंगदाण्यांवर मी जेवले, साहेब. पोरं शिकली ती नोव्हेंबरवर. मला या गल्लीत शेंगदाणेवाली कोण म्हणतं ते दाखवा, मग काढा."

घरी येताना रेस्ती आईवर उखडली. "अगं, शेंगदाणे तर शेंगदाणे. गाडी मिळते आहे ना? कशाला हट्ट?"

"तुला नाही कळायचं," आई म्हणाली. "गावाकडे नोव्हेंबरात बायका नाकतोडे धरायच्या, सोलून नवऱ्याला करून घालायच्या, आणि नवरा बायकोला नवी बुसूती आणायचा. रीतच ती. खांद्याला टोकं काढलेली, कमरेला रुंद पट्टा, कडक इस्त्रीची. माझ्या बरोबरीच्या सगळ्या नोव्हेंबरात नवी बुसूती नेसून चर्चला यायच्या. मी मेली पडले नाकतोड्यांच्याच घरात. तुझा बाप खाणार नाही, तेव्हा मी धरणार नाही, तेव्हा बुसूती कसली. आता शहरभराला खाऊ घालते, तर म्हणे शेंगदाणेवाली."

रेस्तीने हे दर नोव्हेंबरात ऐकलं होतं. दर वेळी ऐकून सोडून दिलं होतं, तसंच याही वेळी सोडून दिलं.

दुकानात बसून तिने सातव्या कप्प्यात नाकतोडा काढला. हात सवयीने चालला: लांब मिशा, दुमडलेले पाय, पाठीवर हिरवे पंख. कुळांच्या फुटबॉल सामन्यांसाठी न्सेनेने संघाच्या सदऱ्यांवर वर्षानुवर्षं तिने हेच चित्र छापलं होतं. नमुना गल्लीत टांगला, आणि दुपारपर्यंत घोळ झाला. ज्या कोणा मुगांडा, म्हणजे कुळं मानणाऱ्या इथल्या, माणसाने तो पाहिला त्याला वाटलं की न्सेनेने कुळाने इथे कचेरी थाटली आहे. एकजण वर्गणी द्यायला आला. अळंबीच्या कुळातल्या एका म्हाताऱ्याने बारुगाहारे साहेबांना गाठून विचारलं की नाकतोड्यांचं चित्र लागतं तर अळंबीवाल्यांनी काय घोडं मारलंय. जे खायला आले ते कढईपाशी घुटमळून परत गेले; पंखांसकट नाकतोडा म्हणजे कोणाचा तरी पूर्वज, आणि कोणाच्या पूर्वजासमोर उभं राहून खायचं कसं? इसाबिर्ये तेवढा खूश होता. त्याचा धंदा वाढला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात अपोलोनिया आत्या उभी. ताठ मान, ताठ बुसूती, हातात बंद छत्री. रेस्ती यंत्र बंद करून शाईच्या हातांनी तशीच जमिनीवर गुडघ्यांवर बसली. आत्यापुढे उभं राहून बोलायची सोय नाही. गुडघ्यांवर बसून वाद घालता येतो, पण त्यातला निम्मा जोर जमिनीतच जातो.

"माझी भाची," आत्या म्हणाली, "आणि कुळाला ताटात बसवते. सांबुशाच्या आणि माशाच्या मधे. मला तीन ठिकाणांहून फोन आले. एकाने विचारलं, आत्याबाई, तुमच्याकडे आता कूळ किलोने मिळतं का?"

"आत्या, ते फक्त चित्र आहे."

"सदऱ्यावर काढतेस तेव्हा कधी बोलले मी? सदऱ्यावर तो मिरवतो. ताटात त्याला कोण मिरवतंय?"

"मग पंख काढून टाकते."

आत्याचा चेहरा असा झाला की रेस्तीला शब्द परत गिळावेसे वाटले. "म्हणजे नागवा," आत्या म्हणाली. "चौकात टांग त्याला. तुझ्या बापाचाही फोटो लाव शेजारी."

तरी रेस्तीने बिनपंखी काढून बघितला. रेषा तुटली, पुन्हा काढली, पुन्हा तुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादं चित्र जमलं नाही. तिने इसाबिर्येला दाखवलं.

"काजू?"

होदानला दाखवलं. "अळी आहे का गं? खाण्याच्या गाडीवर अळी?"

बारुगाहारे साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "अरे वा, शेंगदाणे काढलेत. हे उत्तम केलंत."

रेस्तीने तो कागद त्यांच्यासमोरच फाडला. साहेब आवाज न चढवता खरं बोलले. "बाई, शुक्रवारी मला अंतिम चित्र वर पाठवायचंय. सातवा कप्पा रिकामा पाठवता येत नाही. चिप्सवाला एकजण दारात बसून आहे. तुमच्या आईंविषयी मला आदर आहे, पण चिप्स काढायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

चिप्स काढायला तिला काहीच वेळ लागला नसता. ते तिला माहीत होतं, म्हणून तर ती इतकी चिडली. घरी जाऊन आईला काय सांगायचं? की मी जगाची चित्रं काढते, तुझं तेवढं जमत नाही?

गुरुवारी आई दुकानात आली, नाकतोड्यांचं पोतं घेऊन. गल्लीत पाण्याचे नळ बसवत होते, बसायला जागा नव्हती. "तुझ्याकडे सोलते," म्हणाली, आणि विचारलं वगैरे काही नाही, यंत्राच्या शेजारी फतकल मारून बसली. पंख उडायला लागले. शाईत, कागदावर, रेस्तीच्या चहात. तेवढ्यात चित्राचं काय झालं ते बघायला आत्या आली, आणि दोघी एकमेकींसमोर आल्या. बापाच्या मयतानंतर पहिल्यांदाच. रेस्ती आपली मधे, पुन्हा गुडघ्यांवर.

"नालवोगा," आत्या टोपलीकडे बघत म्हणाली, "माझ्या भावाच्या पाठीमागे त्याचं देवक तळून खाल्लंस. एवढ्याने पोट भरलं नाही, आता फलकावर चढवतेस."

"तळलं," आई म्हणाली. हात चालूच होते. "खाल्लं नाही, वन्सं."

"काय खाल्लं नाहीस?"

"एकसुद्धा नाही. तुमच्या भावाच्या घरात पाऊल टाकलं त्या दिवसापासून तोंडात घातलेला नाही. मला बंदी नव्हती, माझं देवक वेगळं. पण पोरं खाणार नाहीत, नवरा खाणार नाही, आणि मी एकटीने त्यांच्यापुढे बसून मचमच खायचं? तो गेल्यावरही नाही जमलं."

रेस्ती आईकडे बघत राहिली. आई खाते, हे तिने धरूनच चाललं होतं. लहानपणी आईच्या हाताला येणारा तो वास, कांद्याचा आणि नाकतोड्यांच्या चरबीचा. तिला वाटायचं, ती आपल्यापासून लपून तरी खात असणार. कधी विचारलं नव्हतं.

"मग मीठ कसं कळतं तुला?" तिने विचारलं.

"कमी पडलं की गिऱ्हाईक शिव्या देतं."

आत्या स्टुलावर बसली. स्टुलावरही पंख होते, आणि उठली तेव्हा तिच्या कडक बुसूतीला मागून दोन हिरवे पंख चिकटलेले. रेस्तीने ते बघितलं आणि तिचा बांध फुटला. हसावं की रडावं कळेना, म्हणून ती ओरडली.

"बघ काय केलंस, आई. सगळीकडे पंख. तू घरातून बाहेर पडलीस की कुठल्या रस्त्याने गेलीस ते अख्ख्या कंपालाला कळतं. फुटपाथवर पंख दिसले की शेंबडं पोरही सांगतं, इथे नाकतोडे..."

ती तिथेच थांबली.

मग जमिनीवरून उठली. आत्या समोर असताना उभी राहिली, आणि आत्यानेही ते चालवून घेतलं. टेबलावरचा कागद ओढून रेस्तीने सातव्या कप्प्यात आईच्या मापाचा भरलेला मग काढला, आत काय आहे ते न दाखवता, आणि मगाच्या पायथ्याशी नुकतेच गळून पडलेले दोन पंख. लांब, हिरवे, शिरांसकट. या वेळी रेषा कुठेच तुटली नाही. पंख तिने हजार वेळा काढले होते.

आत्याने कागद उचलून बराच वेळ बघितला. "पंख कोणी खात नाही," ती शेवटी म्हणाली. जणू तक्रारच. "जे खात नाहीत तेवढं आमचं. ठीक आहे." आणि छत्री घेऊन निघून गेली. तिच्या पाठीवरचे पंख कोणी काढले नाहीत. सांगायची हिंमत कोणाची होती?

शुक्रवारी साहेबांनी चित्र पाहिलं, पंखांकडे बोट दाखवून "ही पानं का?" असं विचारलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने "अहो साहेब, नाकतोडे" असं म्हटल्यावर समजल्यासारखी मान हलवली. नकाशा रेस्तीने घातला नाही. हातही नाही. फलक छापून आला तेव्हा मात्र त्यावर एक सूर्य होता, पिवळाधमक, दात काढून हसणारा. कोणी घातला ते आजपर्यंत कळलेलं नाही. रेस्ती अजूनही त्या फलकाखालून जाताना वर बघत नाही.

उद्घाटनाला गल्ली भरली होती. इसाबिर्ये येईल त्याला सांगत होता की ते ताट मुळात चपाती आहे. होदान नव्या ॲप्रनवरचा आपला सांबुसा दुसऱ्यांच्या सांबुशापेक्षा लहान आहे का ते मोजत होती. सांबुसे तिच्याशिवाय कोणी विकत नव्हतं. नालवोगा सातव्या गाडीवर छपराखाली उभी होती, खरं म्हणजे बसली होती, कारण रेस्तीने भांडून गाडीला स्टूल बसवून घेतलं होतं.

गर्दीतून अपोलोनिया आत्या आली. कढईकडे बघायचं नाही म्हणून मान एका बाजूला वळवलेली, हातात कागदात गुंडाळलेलं गाठोडं. ते तिने गाडीच्या कडेवर ठेवलं.

"हे घे."

नालवोगाने हात पुसले. पुन्हा पुसले. कागद उघडला तर आत बुसूती, कोरी, टोकदार खांद्यांची, रुंद पट्ट्याची. रंग असा हिरवा की डोळे दुखावेत.

"माझ्या भावाच्या घरचं राहिलं होतं," आत्या तिसरीकडेच बघत म्हणाली. "दर नोव्हेंबरचं धरून द्यायला बसले तर माझं शेत जाईल. हे एकच. रंगाला नावं ठेवू नकोस, दुकानात दुसरा नव्हता."

नालवोगाने नावं ठेवली नाहीत. तिथेच, गाडीमागे, ॲप्रन काढून अंगातल्या कपड्यांवरून तिने बुसूती चढवली, आणि पट्टा बांधताना हात पुरेना म्हणून पाठ रेस्तीकडे केली. रेस्तीच्या तोंडाशी आलं होतं की हा रंग कोणी माणूस माणसाला देतो का. तिने मुकाट्याने गाठ मारली, आणि ती दोनदा मारावी लागली, कारण पहिल्यांदा तिला नीट दिसलं नाही.

मग म्हातारीने झारा उचलला आणि कढईत घातला.

"अगं, तेल उडेल," आत्या ओरडली. "नवी आहे ती. काढून ठेव आणि रविवारी नेस."

"उडू दे," नालवोगा म्हणाली. "बघू दे सगळ्यांना. मला नोव्हेंबरची बुसूती आली."

आत्या कढई रिकामी होईपर्यंत तिथेच उभी राहिली, तोंड दुसरीकडे करून.